खिडकीपाशची खुर्ची

८ जानेवारी

ही वही फक्त चालींसाठी आहे. कोणती केली, कोणती पुसली, का पुसली. घरच्या भानगडी हिच्यात येणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

नवीन संगीत नाटक हातात घेतलंय. पाचशे वर्षांपूर्वीचा, पाश्चात्त्य प्रबोधनकाळातला एक चित्रकार. त्याला मठाच्या जेवणघराची भिंत रंगवायला दिली आहे, आणि रंगवायची आहे ओल्या गिलाव्यावर. गवंडी सकाळी येतो आणि दिवसभरात रंगवून होईल तेवढाच तुकडा लिंपून देतो. गिलावा सुकायच्या आत काम झालं तर रंग भिंतीत मुरतो. नाही झालं तर संध्याकाळी सगळं खरवडायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. आमचा चित्रकार रोज खरवडतो. टेबलाभोवतीची सगळी माणसं रंगवून झाली आहेत, एका बाईचा चेहरा तेवढा राहिलाय आणि तो काही केल्या होत नाही. मठाधिपती वैतागलेत, गवंडी वैतागलाय आणि रंग घोटून घोटून चित्रकाराच्या बायकोचे हात निळे पडलेत.

लिहितेय बायको. म्हणजे माझी. आमची पद्धत जगाच्या उलटी आहे. आधी मी चाल करतो, तोंडाला येतील ते डमी शब्द घालून ती गुणगुणतो आणि मग ती त्या मापाचे खरे शब्द लिहून देते. डमी शब्दांना अर्थ लागत नाही, वजन कळलं की झालं. आमच्या ज्या अंगाईला लोक रुमाल काढतात, तिची मूळ ओळ 'गॅसवाला आला नाही, फोन कर त्याला' अशी होती. कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही.

दिग्दर्शिकेनं आज नायक दाखवला. नवीन मुलगा आहे. मुलगा कसला, पस्तिशीचा असेल, पण मान वर करून बघावं लागतं. दारातून येताना गरज नसताना वाकतो. मी त्याचं नाव खांब ठेवलं. आवाज बरा आहे.

१२ जानेवारी

गाणी शिकायला खांब घरी येणार. तालमीच्या हॉलमधला पियानो सर्दी झाल्यासारखा वाजतो, म्हणून दिग्दर्शिकेनं परस्पर ठरवून टाकलं. मला विचारायची पद्धत नाही.

सकाळी बघतो तर बायकोनं माझ्या खोलीत खिडकीपाशी एक खुर्ची आणून मांडलेली. वर उशी. मी म्हटलं, "हे काय?" म्हणाली, "अरे, तो बसणार कुठे? तुझ्या डोक्यावर?" आमच्या घरात असं बोलतात.

ती खुर्ची खरं तर हिचीच. पूर्वी ती तिथे बसून लिहायची. मग कुणी बघत असलं की मला सुचेनासं झालं, म्हणून मीच म्हटलं की तू स्वयंपाकघरातल्या टेबलावर बस, तिथे उजेडही चांगला आहे. तेव्हापासून ती तिथेच बसते. काही तक्रार नाही तिची.

१५ जानेवारी

खांब मला 'दादा' म्हणतो आणि तिला 'वहिनी'. वहिनी म्हणणाऱ्यांपासून जरा जपूनच राहावं.

पहिली दोन गाणी शिकवली. पटकन उचलतो. शिकून झालं तरी उठायचं नाव नाही. मी चाल लावत बसलो तर हा खिडकीपाशी बसून माझ्याकडे टक लावून बघतोय. मी म्हटलं, "काही हवंय का?" तर म्हणतो, "नाही दादा, तुमचं चालू द्या. मी नुसता बघतो." मला कुणी बघितलेलं चालत नाही, हे त्याला कोण सांगणार? शेवटी मी खुर्ची भिंतीकडे फिरवून त्याच्याकडे पाठ केली. मला तशीही तशीच सवय आहे.

बायकोनं त्याला चहा दिला. मलाही दिला, पण त्याला आधी.

१६ जानेवारी

शेवटच्या गाण्याच्या दोन चाली केल्या. एक पुसली कारण गोड झाली होती, दुसरी पुसली कारण हुशार झाली होती. हे गाणं चित्रकार बायकोला उद्देशून म्हणतो, रिकाम्या चेहऱ्यासमोर बसून. सगळं नाटक त्याच्यावर उभं आहे, हे मला कळतं. म्हणूनच घाई करायची नाही.

दिग्दर्शिकेचा फोन. "झालं का हो शेवटचं?" मी म्हटलं, "झालंय तसं, उद्या ताज्या कानांनी ऐकतो आणि कळवतो." ती म्हणाली, "हे तुम्ही मागच्या नाटकालाही म्हणाला होतात." बायका मागचं काही विसरत नाहीत.

२१ जानेवारी

पहिला अंक लिहून झाला. बायकोनं वाचायला दिला. आधी खांबाला दिला होता, मग मला. हे मला पानांच्या दुमडलेल्या कोपऱ्यांवरून कळलं, कारण ती पानं कधी दुमडत नाही. अंगाचा तिळपापड झाला, पण बोललो नाही.

अंक चांगला आहे. गवंडी दिवसअखेर विचारतो, 'ठेवायचं की खरवडायचं?' आणि चित्रकार म्हणतो, 'खरवड. उद्या ताज्या उजेडात बघू.' फार नैसर्गिक वाक्य आहे. कुठून सुचतं हिला कोण जाणे.

एक सूचना मात्र केली. चित्रकार बायकोला सांगतो की तू रंग घोटायला मागच्या अंगणात बस, कुणी बघत असलं की माझा हात चालत नाही. मी म्हटलं, "हा माणूस फारच दुष्ट वाटतो इथे. प्रेक्षकांची सहानुभूती जाईल."

"जाईल म्हणतोस?" ती म्हणाली आणि गालातल्या गालात हसली. "मला नाही तसं वाटत. मला तो आवडतो."

सध्या तिला बरंच काही आवडतंय.

२४ जानेवारी

सासूबाई आमच्याकडेच असतात. डोळ्यांना कमी दिसतं, ऐकू मात्र नको तेवढं येतं. आज मी बँकेतून परत आलो तर त्या पुढच्या खोलीत बसून आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणत होत्या, "जावईबापू, चहा गार झाला असेल, दुसरा करायला सांगू का?" मी त्यांच्या मागे उभा. आत होता खांब. माझ्या पियानोच्या झाकणावर बोटांच्या पेरांनी टकटक करत.

मी म्हटलं, "सासूबाई, मी इकडे आहे." त्या दचकल्या. म्हणाल्या, "मग आत कोण वाजवतंय तुमच्यासारखं?"

डोळे गेले होते, आता कानही चालले बिचारीचे.

३० जानेवारी

आज एक गोष्ट केली. दुसऱ्या अंकातलं गाणं मुद्दाम वरच्या सुरात बसवलं. खांबाला तिथे जड जातं. त्याचा आवाज चिरकला, की मी दिग्दर्शिकेला म्हणणार होतो, 'बघा बुवा, तुमचा माणूस.'

चिरकला. अगदी हवा तिथे चिरकला. आणि हा आनंदानं म्हणतो, "दादा, काय जागा काढलीत! इथे आवाज फाटतोच, पण त्या माणसाचाही फाटेलच ना?" बायको स्वयंपाकघरातून धावत आली. हातात पेन तसंच. म्हणाली, "पुन्हा म्हण." त्यानं पुन्हा म्हटलं. तिच्या डोळ्यांत पाणी. माझ्या चालींवर शेवटचं पाणी कधी आलं होतं, ते आठवायचा प्रयत्न केला. अंगाईच्या वेळी असेल. पण तेव्हा मी तिच्याकडे बघत नव्हतो, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही.

आवाज चांगला आहे त्याचा. हे लिहायला नको होतं.

३ फेब्रुवारी

तालमीला गेलो. उशिरा गेलो हे खरं. हॉलचं दार ढकललं तर रंगमंचावर हे दोघंच. खांब स्टुलावर बसलेला, आणि बायकोचे दोन्ही हात त्याच्या मानेवर.

"अशी नाही," ती म्हणत होती, "एवढी ताठ नाही. डावीकडे जरा कललेली. आणि कानाची पाळी चोळायची, हळू, आपण चोळतोय हे आपल्यालाच माहीत नसल्यासारखी. थांब, मी दाखवते." आणि तिनं त्याच्या कानाला हात लावला. माझ्या बायकोनं. त्याच्या कानाला.

मी खोकलो. खांब ताडकन उठला. ती शांतपणे म्हणाली, "आलास? चहा तिकडे आहे." चेहऱ्यावर अपराधीपणाचा लवलेश नाही. मी कोपऱ्यात जाऊन गार चहा प्यायलो. दिग्दर्शिका आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "कान दुखतोय का तुमचा?" मी म्हटलं, "नाही, का?" म्हणाली, "काही नाही."

हल्ली खांब पोक काढून चालतो. एवढा उंच माणूस. कुणाची नक्कल करतोय देव जाणे, पण बघवत नाही.

४ फेब्रुवारी

शेवटच्या गाण्याची आणखी एक चाल पुसली. ही का पुसली ते सांगता येत नाही. नीट होती. नीट होती, एवढंच होतं तिच्यात.

दुपारी ती गच्चीच्या जिन्यात फोनवर बोलत होती. मी मुद्दाम ऐकलं नाही, जिना आमचाच आहे. "नको, त्याला आत्ता काही सांगू नकोस," ती म्हणाली. "घाबरेल तो. पहिला प्रयोग होऊ दे, मग आपोआप कळेल." मग हसली. मग म्हणाली, "मला पण भीती वाटते रे. इतकी वर्षं काढली आहेत."

पहिला प्रयोग होऊ दे, मग. म्हणजे माझ्याकडून चाली करून घ्यायच्या आणि मग सांगायचं. जेवलो नाही. सासूबाईंनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "पोटात दुखतंय." खोटं नव्हतं तेही.

मी तिच्याशी भांडलो नाही. भांडलो आणि ती 'हो' म्हणाली तर काय करायचं, हे मला माहीत नाही.

६ फेब्रुवारी

आज लिहून टाकतो, नाही तर डोकं फुटेल.

सकाळी ध्वनिमुद्रणाचं काम होतं. ते रद्द झालं, म्हणून लवकर घरी आलो. लॅच उघडून आत गेलो. सासूबाई झोपलेल्या. माझ्या खोलीचं दार अर्धवट उघडं. खांब माझ्या खुर्चीवर बसला होता, भिंतीकडे तोंड करून, दाराकडे पाठ. आणि ती खिडकीपाशच्या खुर्चीवर. कुणी काही बोलत नव्हतं. पियानो बंद. ती नुसती त्याच्या पाठीकडे बघत होती.

कशी बघत होती ते लिहिता येणार नाही मला. कुणीतरी आत्ता वळेल, म्हणून वाट बघावी तसं. अशा नजरेनं माझ्याकडे कुणी बघितलेलं नाही, निदान मला माहीत नाही.

मी तसाच मागे फिरलो. दार लावलं की नाही तेही आठवत नाही. रस्त्यानं चालत सुटलो. भाजीवाल्यांच्या गाड्यांमधून, शाळेपुढून, कोर्टापुढून. कुणीतरी ओळखीचा 'काय म्हणताय' म्हणाला, त्याला 'बरं आहे' म्हटलं. तालमीच्या हॉलशी आलो तेव्हा तिथे झाडूवाल्याशिवाय कुणी नव्हतं. त्या सर्दी झालेल्या पियानोवर बसलो आणि शेवटचं गाणं आलं. आलं म्हणजे आख्खं आलं, पहिल्या सुरापासून शेवटापर्यंत, एका दमात. शब्द नेहमीप्रमाणे डमी, तोंडाला आले ते:

कुणासाठी मांडलीस खुर्ची खिडकीपाशी?
कुणासाठी गरम चहा, मी इथे उपाशी?

पुढे काय बडबडलो ते आठवत नाही. आवाज दोनदा फुटला. फोनवर तसंच मुद्रित केलं आणि तसंच थेट दिग्दर्शिकेला पाठवलं. बायकोला पाठवलं नाही. इतक्या वर्षांत चाल तिच्याआधी दुसऱ्या कुणाच्या कानावर पहिल्यांदाच गेली. कळू दे तिला कसं वाटतं ते.

झाडूवाला म्हणाला, "साहेब, पुसायचंय." त्याला फरशी म्हणायचं होतं. मी म्हटलं, "आज नाही." चाल पुसली नाही मी.

७ फेब्रुवारी

दिग्दर्शिकेनं अर्थातच ती बायकोला पाठवली. शब्द तिच्याशिवाय कोण घालणार? सकाळी ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. आत यायचं तिनं केव्हाच सोडलंय. डोळे सुजलेले.

"ऐकलं," ती म्हणाली.

मी भिंतीकडे तोंड करूनच म्हटलं, "मग शब्द घाल."

मला वाटलं गेली. मग म्हणाली, "घालते."

रडली होती, हे नक्की. मन खात असेल.

११ फेब्रुवारी

घसा धरलाय असं सांगून तालमींना जाणं बंद केलंय. घसा ठणठणीत आहे.

एरवी चाल दिली की दोन-तीन दिवसांत शब्द येतात. या वेळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक कागद नाही. मी पाणी प्यायच्या निमित्तानं बघून येतो. माझ्या सगळ्यात चांगल्या चालीला तिच्याकडे शब्द नाहीत. असो.

तिसऱ्या अंकात मात्र भर पडली आहे, असं दिग्दर्शिकेनं फोनवर सांगितलं. मठाधिपती एक तरुण चित्रकार हाताखाली पाठवतात, तो खिडकीपाशी बसून काम बघतो आणि आमच्या चित्रकाराला त्याचा हेवा वाटायला लागतो. "आणि गंमत म्हणजे," ती म्हणाली, "कारण काहीच नसतं हो. तो पोरगा बिचारा काम शिकायला आलेला असतो." मी म्हटलं, मला हे पटत नाही. उगाच घुसडल्यासारखं वाटतं. एवढा मोठा कलावंत असल्या क्षुद्र गोष्टीत अडकेल का? दिग्दर्शिकेला एकदम खोकला आला. हसल्यासारखा खोकला.

१५ फेब्रुवारी

खांब भेटायला आला. फळं घेऊन. आजाऱ्याला आणतात तशी. खिडकीपाशी बसला. "दादा," म्हणाला, "एक विचारू? रागावू नका. तुम्ही चाल पुसता ना, तेव्हा तुम्हाला दुःख होतं की बरं वाटतं?"

अशा प्रश्नाला मी एरवी उडवून लावतो. पण घरात शांतता होती आणि त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "बरं वाटतं. चाल राहिली तर लोक म्हणणार हाच तो, एवढाच तो. पुसली की आपण अजून शिल्लक."

त्यानं मान हलवली. डोळे पुसल्यासारखे केले. जाताना माझ्या पाया पडल्यासारखा वाकला, पण वाकायची त्याला सवयच आहे.

मनुष्य वाईट नाही. त्यामुळेच जास्त त्रास होतो. वाईट असता तर निदान सरळ शिव्या घालता आल्या असत्या.

१९ फेब्रुवारी

उद्या पहिला प्रयोग. बायकोनं माझा कोट इस्त्री करून दारामागे लावला. "येशील ना?" म्हणाली. तिचा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, "संगीत माझं आहे. येणारच." ती म्हणाली, "आईला तुझ्या शेजारी बसवते. मी आत, विंगेत असेन."

विंगेत. त्याच्याजवळ. प्रयोग झाला की सांगणार. मी ऐकायला तयार आहे. तयार नाही, पण कोट तयार आहे.

२१ फेब्रुवारी

काल लिहिलं नाही. लिहिण्यासारखा मी नव्हतो.

प्रेक्षागृह भरलेलं. पडदा वर गेला. भिंत, तिच्यावर टेबलाभोवतीची माणसं, मधे एक रिकामा चेहरा. खांब भिंतीकडे तोंड करून, प्रेक्षकांकडे पाठ करून खुर्चीवर बसलेला. पोक काढून, मान डावीकडे. त्यानं बोटांच्या पेरांनी रंगाच्या पाटावर टकटक केलं. मला वाटलं, हे मी कुठेतरी पाहिलंय. मग त्यानं कानाची पाळी चोळली, आणि माझ्या लक्षात आलं की माझा हात माझ्या कानावर आहे.

मी हात खाली घेतला. त्यानं नाटकातल्या बायकोनं आणून दिलेला दुधाचा वाडगा हातात धरून ठेवला, गार होईपर्यंत, आणि मग गार वाडग्यावर फुंकर घातली. लोक हसले. 'खरवड. उद्या ताज्या उजेडात बघू.' लोक पुन्हा हसले. सासूबाई अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा कुजबुजल्या, "अगंबाई, हे तर अगदी जावईबापूच!"

पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. पहिल्यांदा संताप आला, खोटं कशाला सांगू. मला भर रंगमंचावर उघडा करून बसवलं होतं. उठून जायचं म्हणून मी खुर्चीचे हात धरले. पण सासूबाईंनी माझा हात धरला होता, आणि त्या त्यांच्या अंधूक डोळ्यांनी रंगमंचाकडे बघत हसत होत्या, लाडक्या माणसाकडे बघून हसतात तसं. तेव्हा मी आजूबाजूला बघितलं. सगळेच तसं हसत होते. त्या हट्टी, तिरसट, रोज खरवडणाऱ्या माणसावर कुणी चिडलं नव्हतं. त्याला तसं लिहिलेलंच नव्हतं. एकेक वाक्य मायेनं लिहिलेलं होतं. त्या माणसाला रोज बघत, त्याच्याकडून काही न मागता बघत राहिल्याशिवाय असं लिहिता येत नाही.

आणि या माणसावर मी महिनाभर जळत होतो. दुमडलेली पानं, मानेवरचे हात, जिन्यातला फोन, त्या पाठीकडे बघणारे डोळे. ती पाठ कुणाची होती?

मग शेवटचं गाणं. मला वाटलं, आता तिनं केलेले शब्द येतील. खांबानं भिंतीकडे तोंड करूनच सूर लावला.

कुणासाठी मांडलीस खुर्ची खिडकीपाशी?
कुणासाठी गरम दूध, मी इथे उपाशी?
बघ ना माझ्याकडे जरा, बघ ना माझ्याकडे,
पाठ करून बसलो तरी, बघ ना माझ्याकडे.

तिनं शब्द घातलेच नव्हते. एक बदलला होता. त्या काळी तिकडे चहा नव्हता.

शेवटच्या ओळीला त्याचा आवाज फाटला, माझा फुटला होता तिथेच. आणि तो खुर्चीवरून उठला, खुर्ची उचलली, फिरवली आणि नाटकातल्या बायकोकडे तोंड करून बसला. भिंतीवरचा चेहरा शेवटपर्यंत रिकामाच राहिला. कुणाला तो भरायला हवा होता असं वाटलं नाही. टाळ्या थांबेनात.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला त्याचा हेवा वाटत होता. आत्ताही वाटतो. माझी भूमिका तो माझ्यापेक्षा चांगली करतो, आणि माझ्याच चालीत, माझ्याच शब्दांत, जे मला इतक्या वर्षांत जमलं नाही ते करून तो मोकळा झाला.

विंगेत गेलो. ती पडद्याच्या दोरीला धरून उभी होती. नखं कुरतडलेली. कुणी घाबरलेलं असेल तर ती होती, हे मला तेव्हा कळलं. खांब घामानं निथळत जवळ आला आणि म्हणाला, "दादा, चुकलं असेल तर..." मी म्हटलं, "मान डावीकडे जरा जास्त झाली." तो हसला. मग त्यानं शहाणपणा केला आणि तिथून गेला.

मी तिला विचारलं, "डमी शब्द तसेच का ठेवलेस?"

"कुठले डमी?" ती म्हणाली. "आयुष्यभर मी तुझ्या मापाचे शब्द लिहिले. पहिल्यांदा तू मला काहीतरी लिहून दिलंस. ते मी बदलू?"

घरी येताना गाडीत सासूबाईच बोलत होत्या.

आज सकाळी उठून खोलीत गेलो. खिडकीपाशची खुर्ची रिकामी होती. उशी चेपलेली. मी माझी खुर्ची भिंतीपासून फिरवली. जड आहे, पाय फरशीवर करकरले. मग खिडकीपाशची उचलली आणि आणखी जवळ आणून मांडली, गुडघे लागतील एवढी जवळ. उशी झटकली. आवाज ऐकून ती स्वयंपाकघरातून आली आणि दारात थांबली, नेहमीसारखी. हातात चहा, दोन कप.

खुर्चीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. चेहरा अगदी गंभीर ठेवून म्हणाली, "कुणासाठी मांडलीस?"

मी काय उत्तर दिलं ते या वहीत लिहिणार नाही. उद्यावर ढकललं नाही, एवढं मात्र लिहून ठेवतो.